तारेखालची गोळी

नवऱ्याच्या ॲस्पिरिनची पाकिटं वेळच्या वेळी रिकामी होत होती, म्हणून मी निर्धास्त होते. दुखण्याने माणूस शहाणा झाला, असं चार जणांना सांगूनही मोकळी झाले होते. एका दुपारी मागच्या खोलीतून घसा खवखवेल असा धूर आला आणि मी दार ढकललं.

टेबलावर माझ्या बाबांचा जुना रेडिओ उघडा. हे महाशय ॲस्पिरिनच्या गोळीवर तार ठेवून वरून तापलेलं सोल्डरिंग आयर्न दाबत होते.

"ही काय थेरं?" हृदयाच्या दुखण्यानंतर आयर्न मीच कपाटात टाकलं होतं.

"अगं, ही तार म्हणजे केसासारख्या तारांची वेणी. प्रत्येकीवर वार्निश. ब्लेडने खरवडली की तुटते, आणि एक जरी सुटली तर स्टेशन धड लागत नाही. गोळीवर तापवली की वार्निश जळतं, कथिल धरतं."

"मग वेगळ्या गोळ्या आणायच्या!"

"औषधांचं दुकान तुझ्या भावाचं. मी घरी पोचायच्या आत तुला फोन आला असता."

"म्हणजे ही तुमची रोजची गोळी?"

त्यांनी पाकीट हळूच रेडिओमागे सरकवलं.

"माझ्या बापाच्या रेडिओपायी जीव द्यायचाय का?"

"बाबा इथे आल्यापासून भिंतीकडे तोंड करून बसतात गं. डोळ्यांना दिसत नाही, निदान रेडिओ तरी ऐकू दे."

राग आला होताच, पण त्याहून जास्त माया दाटून आली. मी खिडक्या उघडल्या, पंखा लावला, पाण्याचा पेला पुढे केला.

"आधी जिभेवर, मग तारेखाली. क्रम चुकला तर रेडिओ भंगारात!"

भावाला फोन करून जास्तीच्या गोळ्या मागवल्या आणि कारण विचारायचं नाही म्हणून दटावलं. मग चिमट्यात तार धरून बसले.

"हलू नकोस."

"हात तुमचा हलतोय."

संध्याकाळी रेडिओ खरखरला आणि गाऊ लागला. मी तो बाबांच्या उशाशी ठेवला. त्यांनी सगळ्या सेटवरून हात फिरवला, बटण शोधलं आणि आवाज अगदी बारीक केला.

"आवडलं नाही का, बाबा?"

"आवडलं की! पण जावईबापू दमलेत. त्यांना जरा पडू दे."

आणि सेटला कान लावून ते ऐकत बसले.