जॉबरचे चार पाय

औषधाच्या बाटलीचं झाकण पहिल्या वेढ्याला करकरलं, की जॉबरचा डावा कान मुळापाशी किंचित मागे ओढला जाई. उजवा जागच्या जागी राही. मग नाकपुड्या हलत, अंगाचा भार मागच्या पायांवर जाई आणि त्यानंतर कुठे तो खाटेखाली पळे. कान हलणं आणि पळणं यांत एक श्वास घेण्याइतकी फट होती. ती सुगंधाला दिसायची. बाकीच्या चाळीला कुत्रा एकदम खाटेखालीच दिसायचा.

जॉबर हे नाव तिच्या नवऱ्याने, दशरथने ठेवलं होतं. गिरणीत कापडाच्या साच्यावर उभं राहून खात्यावरच्या ज्या जॉबरची बोलणी आयुष्यभर खाल्ली, त्याला निदान घरी तरी ‘बस’ म्हणता यावं, एवढाच हेतू. कुत्रा बसत नसे, ती गोष्ट वेगळी.

गिरण्यांच्या संपाला दोन वर्षं उलटून गेली होती. तो मागे घेतल्याचं कुणी जाहीर केलं नव्हतं, म्हणून दहिसरच्या त्या चाळीत तो चालूच होता. सुगंधा बोरिवलीतल्या एकट्या राहणाऱ्या बँकवाल्यांना जेवणाचे डबे करून देई आणि त्यावर घर चाले. तिचा भाऊ दादू साकीनाक्याच्या एका वर्कशॉपात मुकादम होता. तिथे स्टोव्हच्या बर्नरांच्या पॅकिंगवर देखरेखीला माणूस हवा होता. "भावोजींसाठी गणपतीपर्यंत जागा धरून ठेवतो, ताई," दादू म्हणाला होता. "पुढे मालक माझं ऐकायचा नाही."

साकीनाका हा शब्द निघाला की दशरथ मनगटावरच्या घड्याळाचा पट्टा सैल करून पुन्हा आवळी. मग म्हणे, "गिरणी उघडली की बघू," आणि चपला घालून बाहेर पडे.

बाहेर पडून करायचं काय, हा प्रश्न जॉबरच्या वाहत्या कानाने सोडवला होता. कानात औषध घालायचं म्हणजे कुत्र्याला धरणं आलं. चाळीतल्या संपकऱ्यांनी ते काम रीतसर वाटून घेतलं. पुढचा उजवा पाय राजारामचा, मागचे दोन्ही धाकूचे, पुढच्या डाव्या पायावर जो मोकळा असेल तो बदली. तोंड आणि हुकूम दशरथकडे. राजाराम एकदा गावी गेला, तर त्याच्या पायावर दुसरा माणूस लावला. परत आल्यावर राजारामने पाय परत मिळवण्यासाठी बैठक बोलावली आणि तो मिळाल्यावरच चहा घेतला.

"धाकू, मागून ये! गोणपाट टाक!"

"टाकतंय मरे, पण तो आसा खंय?"

"खाटेखाली! डावीकडनं!"

"कुणाच्या डावीकडनं? तुझ्या की कुत्र्याच्या?" राजाराम मध्येच विचारी.

जुलैतल्या एका रविवारी औषध धाकूच्या कानात गेलं आणि जॉबरचे दात राजारामच्या मनगटात. राजारामला पोटात सुया घ्याव्या लागल्या, आणि त्या घेताना त्याला धरायला तिघे लागले. मालाडच्या जनावरांच्या डॉक्टरांनी सुगंधाला स्पष्टच सांगितलं, "कुत्र्याला पिसाळल्याची लस द्यायला मी येईन. पण ही फौज तिथे असेल तर स्कूटर तशीच परत वळवीन."

"आजपासून जॉबरला कुणी हात लावायचा नाही," सुगंधाने घरी येऊन जाहीर केलं.

"मग औषध काय तो स्वतः घालून घेणार?" दशरथ म्हणाला.

माहेरी गाभण पाडीच्या आचळांना सुगंधा कितीतरी आधीपासून नुसता हात लावत असे. मग पुढे धार काढताना पाडी लाथ झाडत नसे. तिने बंद बाटली जॉबरच्या थाळीशेजारी ठेवली आणि सुक्या बोंबलाचा तुकडा टाकला. एवढंच. दोन-चार दिवसांनी झाकण करकरवलं आणि तुकडा टाकला. मग एक पाट मांडला. त्यावर हनुवटी टेकली तर तुकडा, उचलली तर सुगंधा हात मागे घेई. कान ओढला गेला की ती त्या फटीतच थांबे.

संपकरी मंडळ दारात बसून देखरेख करी.

"वहिनी, ही शाळा कधी सुटणार?" राजारामने विचारलं.

"कुत्र्याची मनधरणी चाललीय," दशरथ म्हणाला. "उद्या विचारेल, साहेब, औषध घालू का?"

"विचारतेच आहे," सुगंधा म्हणाली.

त्याच आठवड्यात ती दशरथला म्हणाली, "दादूला वर्कशॉपात तिसऱ्यांचं सुकं पाठवायचंय. नुसता डबा देऊन या."

"नुसता देऊन येईन," दशरथने बजावलं. तो डबा देऊन उभ्या उभ्या परतला, आणि रात्री त्याच्याही ताटात तिसऱ्यांच्या शिंपल्या पडल्या. पुढच्या खेपेला ती म्हणाली, "रिकामा डबा घेऊनच या, तेवढा वेळ बसा." तिसऱ्या खेपेनंतर तो जेवताना आपणहून बोलला, "काय ती सुतळी बांधतात! ओली नको का करायला? खोकी चेंबूरपर्यंत तरी टिकतील का?"

"खरंच," सुगंधा म्हणाली आणि वाढलं. घड्याळाच्या पट्ट्याकडे त्याचा हात गेला नव्हता. तिने ते पाहिलं आणि साकीनाका हा शब्द उच्चारला नाही.

गणपतीच्या आदल्या रविवारी डॉक्टर आले. कुणी बोलावलं नसताना मंडळ आपापल्या जागी उभं होतं. धाकूच्या हातात गोणपाटसुद्धा.

"हे कोण?" डॉक्टरांनी विचारलं.

"ते संपावर आहेत," सुगंधा म्हणाली. "तुम्ही या."

तिने पाट मांडला. जॉबर आला आणि त्याने हनुवटी टेकवली. डॉक्टरांनी कान उलटून बघितला, औषध घातलं. मग सुई काढली. जॉबरने हनुवटी उचलली.

"थांबा, डॉक्टर. तो नको म्हणतोय."

"धरू का गे?" धाकू पुढे सरकला.

"जाग्यावर राहा, भावजी."

सगळे थांबले. चाळीमागच्या ओढ्यापलीकडे कुणीतरी मखराचे खिळे ठोकत होतं. जॉबरने दाराकडे पाहिलं. दार सताड उघडं होतं आणि त्याला कुणीच धरलं नव्हतं. त्याने दोनदा जीभ फिरवली, सुस्कारा सोडला आणि हनुवटी पुन्हा पाटावर ठेवली. सुई गेली, निघाली. बोंबील मिळाला.

डॉक्टर गेल्यावरही मंडळ तसंच उभं होतं.

"वाट लागली," राजाराम म्हणाला. "आता आपण काय करायचं रे, दशरथ?"

"पाण्याचा हंडा कुणी उचलून देईल तर बघा," सुगंधा म्हणाली. त्यावर राजारामला घरचं काम आठवलं, आणि धाकू गोणपाटाची घडी घालत त्याच्यामागून गेला.

दशरथ उंबऱ्यावर बसला. बराच वेळ तो जॉबरकडे पाहत होता. कुत्रा उन्हात पसरला होता, चारही पाय चार दिशांना.

"आज दादूकडे डबा न्यायचाय का?" त्याने विचारलं.

"नाही. आज काही न्यायचं नाहीये."

तिला पुढची वाक्यं पाठ होती. गणपती चार दिवसांवर आले, दादू किती दिवस थांबेल, बँकवाले गावी गेले की डबे बंद. तिने एकही बाहेर पडू दिलं नाही. हातातली बाटली पुसली, फळीवर ठेवली. दशरथचा हात घड्याळाकडे गेला. त्याने पट्टा सैल केला. सुगंधा थांबली.

"तू मला पण पाटावर बसवलंस ना गं?" तो म्हणाला.

"दार उघडंच होतं," सुगंधा म्हणाली.

तो हसला नाही, रागावलाही नाही. चपला पुढ्यातच होत्या, पण त्याने पाय घातले नाहीत. पट्टा आवळून त्याने घसा साफ केला, आणि शेजारच्या खोल्यांनाही ऐकू जाईल अशा, साच्यांच्या खडखडाटावर चढवायच्या सवयीच्या आवाजात म्हणाला, "गिरणी आता उघडत नाही. उद्यापासून मी साकीनाक्याला कामाला जातो."