करपलेला टोस

पांढरा.

लढाई संपली आणि मानसिंग मेढ्याला परत आला, तो सातारच्या बेकरीतला पाव घेऊनच. पलटणीत साहेबांच्या मेसमध्ये त्याने पाव भाजायचंच काम केलं होतं. घरी आल्यावर तो स्वतः चुलीपुढे बसला. बायको अंजना आणि आई मनुबाई, दोघी बघत राहिल्या. गडीमाणूस चुलीपुढं. बरं, असू दे.

तांबूस.

चिमट्यात पाव धरून निखाऱ्यावर फिरवत तो सांगत होता, "टोस कसा पायजे, सोन्यावानी. काळा डाग दिसला की सायब ताट परत धाडायचा."

बोलता बोलता एक तुकडा करपला. तो त्याने बाजूला टाकला. अंजनाचा हात तिकडे गेला.

करपलेली भाकरी बायकांच्या वाट्याची. या घरात हे कुणी ठरवलं नव्हतं, कुणी मोडलंही नव्हतं. मानसिंग मात्र परमुलुख बघून आलेला. त्याने तिचा हात अडवला आणि चांगला तांबूस टोस तिच्या ताटलीत ठेवला.

"हितनं म्होरं तू करपल्यालं खायाचं न्हाई."

"पर मला त्योच आवडतो."

"सवय लागलीया तुला. आवड न्हवं ती."

अंजनाने तोंड फिरवलं.

रुसली? छे. माहेरी, परकरात असताना, ती भाकरीचा पापुद्रा मुद्दाम जाळावर धरायची, कडवट वास नाकात भरेपर्यंत. आईच्या चापट्या खायची. सासरी तेच आयतं ताटात येऊ लागलं, तर लोक म्हणाले, बिचारी किती सोसते. सोसते म्हणे! एवढी एकच गोष्ट तिची स्वतःची. त्या आवडीलाच सासरच्यांनी सोसणं ठरवलं, आणि आता नवरा दया म्हणून तीही काढून घेत होता.

काळा.

तिने ताटलीतला टोस उचलला आणि सरळ निखाऱ्यावर ठेवला.

"अगं, जळंल."

"जळू द्या."

धूर झाला. निदान खरवडून तरी देतो म्हणत मानसिंगने सुरी उचलली. तिने टोस पदराआड घेतला.

"आवं, खरवडायला मी काय तुमचा सायब हाय व्हय?"

आणि खाल्ला. कुरुम. कुरुम. ओठ काळे, नजर त्याच्या नजरेत.

मनुबाई खाकरली. "मान्या, येक तांबडा मला दे. मला करपल्यालं कवाच आवडलं न्हाई."

"मग इतकी वर्सं बोलली न्हाईस ती?"

"तुज्या बापानं कवा इचारलं?"

मानसिंगने सुरी खाली ठेवली. अंजनाने उरलेला पाव त्याच्यापुढे सरकवला.

"भाजा. आत्याबाईंचा तांबूस. माजा काळा."