प्रश्न क्रमांक नऊ

पितळेचा तांब्या, काठोकाठ. वर बोटभर फेस.

मुली, बासष्ट किलो वजनगट. गुडघ्याला पट्टी.

‘विषमज्वर असावा.’ खाली सही. सही कुणालाच वाचता येत नाही.

चांदणी. जर्सी क्रॉस, तिसरं वेत, कानात पिवळा बिल्ला.

मेढ्याहून आलेले आणि न उचललेले फोन: अकरा.

लाल कागदाच्या गोल टिकल्या, मागून चिकट. माणशी तीन.

या सगळ्याची गाठ पडली ती सांगलीत, नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी, एका संस्थेच्या पहिल्या मजल्यावरच्या सभागृहात. भिंतीवर बारा मोठे कागद लावले होते आणि प्रत्येकावर एक प्रश्न लिहिला होता. ब्रुसेलोसिस म्हणून एक ताप आहे. गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्यांकडून माणसाला होतो. मरण क्वचित येतं, म्हणून त्याच्याकडे कुणी फारसं बघत नाही. पुढची पाच वर्षं त्यातल्या नेमक्या कशावर संशोधन करायचं, हे ठरवायला माणसं बोलावली होती. गुरांचे डॉक्टर होते, माणसांचे डॉक्टर होते, दूध संकलन केंद्रवाले होते, मेंढपाळ होते. आणि हा ताप भोगलेले तिघं होते.

साक्षी त्या तिघांतली. वय वीस, गाव रहिमतपूरजवळ. दादासो तिचा बाप, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला. पोरीला उठताबसताना आधार लागतो म्हणून आलोय, असं त्यानं दारात नाव लिहून घेणाऱ्या बाईला सांगितलं. साक्षी कुणाचाही आधार घेत नव्हती. आधी टेबलाची कड धरायची, मग ओठ आवळायची, मग उठायची.

“बारातले पाचच ठेवायचे आहेत,” डॉक्टर उत्कर्षा म्हणाल्या. बैठक त्याच चालवत होत्या. “सगळेच प्रश्न महत्त्वाचे, हे मलाही माहीत आहे. पण माणसं थोडी, हात थोडे. तुमच्या तीन टिकल्या तुम्हाला जिथं लावाव्याशा वाटतील तिथं लावा. तिन्ही एकाच ठिकाणी लावल्या तरी चालतील. त्याआधी कागद नीट वाचा, चहा प्या, आपसांत बोला.”

*प्रश्न क्रमांक एक. हा ताप लवकर ओळखणारी, तालुक्याच्या दवाखान्यात होणारी तपासणी कशी तयार करता येईल?*

साक्षीला मार्चात ताप आला. संध्याकाळी चढायचा, पहाटे घामानं गादी भिजायची, सकाळी पोरगी पुन्हा तालमीत. गावातल्या डॉक्टरनं विषमज्वराच्या गोळ्या दिल्या. ताप गेला, आठ दिवसांनी आला. परत गोळ्या, परत गेला, परत आला. मे महिन्यात कंबर धरली. वस्ताद म्हणाले, पोरगी अंग चोरायला लागली. भावकीतली एक बाई म्हणाली, लग्नाचं वय झालं की पोरींची कंबर अशीच धरते. साताऱ्यात मणक्याचा फोटो काढला, तेव्हा क्षयाची शंका आली. ऑगस्टमध्ये एका तरुण डॉक्टरनं फोटो बाजूला ठेवला आणि विचारलं, “घरी जनावरं आहेत का?”

हा प्रश्न पाच महिन्यांत पहिल्यांदा कुणी विचारला होता. “एक गाय हुती,” दादासो म्हणाला.

आता औषध चालू होतं. ताप थांबला होता. कंबरेतल्या सांध्याचं काय होईल ते डॉक्टर सांगत नव्हते, आणि मॅटवर कधी उतरायचं हे विचारायचं साक्षीनं सोडून दिलं होतं.

*प्रश्न क्रमांक चार. निरसं दूध पिण्याची सवय लोक का सोडत नाहीत?*

“हे कुणी लिवलंय?” जत तालुक्यातून आलेले बिराप्पा कागदासमोर उभे राहून म्हणाले. डोक्याला पिवळा पटका, हातात चहाचा कप. “मेंढरामागं हिंडताना काय ग्यासची टाकी डोस्क्यावर घिऊन फिरायचं व्हय?”

लोक हसले. उत्कर्षाबाईही हसल्या आणि त्यांनी ते वाक्य वहीत लिहून घेतलं. त्यावर बिराप्पा जास्तच खुलले. “लिवा लिवा. म्होरं बिराप्पा म्हणाला असं बी लिवा.”

दादासो हसला नाही. साक्षी सातवीत असताना पहिली कुस्ती मारून आली, त्या दिवसापासून तो तिला रोज सकाळी धारेचं दूध देत आला होता. धार काढायची, तांब्या भरायचा, फेस खाली बसायच्या आत तिच्या हातात द्यायचा. उकळलं की दुधातला जोर जातो, हे त्याला त्याच्या बापानं सांगितलं होतं. बायको एकदा म्हणाली, “आवं, पोरीला ताप हाय, जरा तापवून तरी द्या.” तो म्हणाला, “तापानंच तर अंगातली ताकद गेलीया.” आणि त्या दिवसापासून त्यानं एका तांब्याचे दोन केले.

चांदणी फेब्रुवारीत सातव्या महिन्यात गाभडली होती, वासरू मेलेलंच पडलं. वार अडकली, ती दादासोनं स्वतः हात घालून काढली. त्याला मात्र हा ताप आला नाही. याचं त्याला अजूनही नवल वाटे, आणि रागही येई.

*प्रश्न क्रमांक नऊ. रोगी ठरलेलं जनावर पुढे कुठे जातं?*

या कागदासमोर कुणी उभं नव्हतं. संकलन केंद्रावरचा एक माणूस वाचून पुढे सरकला. दुसरा म्हणाला, “मारता येत न्हाई, ठिवून परवडत न्हाई. कुठं जाणार?” आणि तोही समोशाच्या ताटाकडे गेला.

चांदणी कुठे गेली ते दादासोला कुणी शोधून सांगायला नको होतं. ती मेढ्याच्या वर, डोंगरालगतच्या एका वाडीत भाऊसोच्या गोठ्यात होती. भाऊसो आणि तो सतरा वर्षं एका पलटणीत होते. घरात मात्र दादासोनं सांगितलं होतं की गाय व्यापारी घेऊन गेला. ऑगस्टमध्ये साक्षीचा रोग कळला, त्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर बसून त्यानं भाऊसोला फोन लावला आणि पहिली घंटा वाजायच्या आत बंद केला. तेव्हापासून त्यानं लावलाही नव्हता आणि उचललाही नव्हता.

खिशातला फोन थरथरला. बारावा. साक्षी शेजारीच होती, तिनं नाव वाचलं.

“भाऊकाकांचा फोन का घेत न्हाई?”

“मिटिंग हाय न्हवं.”

“मिटिंग आज हाय. परवा बी वाजत हुता.” ती भिंतीवरच्या नऊ नंबरच्या कागदाकडे बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, “आप्पा, आपली चांदणी कुठं हाय?”

त्यानं फोन खिशात सारला.

“व्यापाऱ्याचं नाव सांगा की.”

“पोरी, इथं नगं.”

ती टेबलाची कड धरून उठली आणि आपल्या तिन्ही टिकल्या एक नंबरच्या कागदावर लावून आली. परत येऊन एक खुर्ची सोडून बसली.

दादासोनं टिकल्या तळहातावर घेतल्या. घामानं त्यांचा लाल रंग हाताला लागला होता. तो उठला, सगळे बघतायत असं वाटून आधी दोन नंबरसमोर थांबला, तिथला लसीचा प्रश्न वाचल्यासारखं केलं, आणि मग नऊ नंबरच्या कागदावर तिन्ही टिकल्या लावल्या. एकीशेजारी एक, परेडला उभ्या केल्यासारख्या.

मोजणी झाली. एक नंबरला एकेचाळीस. निरशा दुधाला सव्वीस. पाचव्या जागेवर आलेल्या प्रश्नाला अकरा. नऊ नंबरला तीन.

“या तीन टिकल्या कुणाच्या?” उत्कर्षाबाईंनी विचारलं. “मुद्दाम विचारतेय. तिन्ही एकाच माणसाच्या असतील तर त्याला काहीतरी माहीत असणार. हा प्रश्न मीच यादीत घातला होता, आणि याच्यावर बोलायला मला आजवर एक माणूस मिळालेला नाही. नाव बाहेर जाणार नाही.”

दादासो उभा राहिला. सांगायचं ते चार शब्दांचं होतं, आणि ते चार शब्द इथं बोलले की मेढ्यालाही बोलावे लागणार होते.

“माझ्या हायत,” तो म्हणाला. “चुकून लागल्या. चष्मा न्हाई आणला.”

“हवालदार, नेम चुकला व्हय?” बिराप्पा म्हणाले, आणि पुन्हा हशा झाला. उत्कर्षाबाईंनी कागदाचे चारही कोपरे सोडवले, गुंडाळी केली आणि उरलेल्या सहा गुंडाळ्यांत ठेवली.

सांगलीच्या स्टँडवर साताऱ्याची गाडी लागायला अवकाश होता. साक्षी बाकावर बसली नाही. बसलं की उठावं लागतं.

“तुमी सांगताय का मी सांगू?”

“घरी गेल्यावर सांगतो. नीट बोलाय लागंल.”

तिनं स्वतःचा फोन काढला, नंबर लावला आणि आवाज मोठा केला.

“कोण, साक्षी? आगं बया, बरी हाईस का पोरी?” भाऊसोचा आवाज बसला होता. “तुझा बाप हाय का जित्ता? फोन उचलंना गडी. मला आपलं इचारायचं हुतं, तुला साताऱ्यात कुठल्या डाक्टरचा गुण आला. मला बी महिना झाला ताप येतोय. जातोय, येतोय. आता कंबर धरलीया. हितं टायफाइड म्हणत्यात.”

साक्षीनं फोन बापाच्या हातात दिला आणि तोंड फिरवून गाड्यांच्या पाट्या वाचत उभी राहिली.

“दाद्या? हाईस का रं?”

“हाय,” दादासो म्हणाला. “भाऊ, तू उद्याच साताऱ्याला ये. मी हाय स्टँडवर. आन् त्या गाईचं दूध आजपासनं कुणाला देऊ नगंस. घरात कुणालाच नगं.”

“का रं? काय झालं गाईला?”

एप्रिलात, घरात कुणी नसताना, चांदणीला न्यायला भाऊसो टेम्पो घेऊन आला होता, तेव्हा त्यानं विचारलं होतं, “दुधाला कशी हाय?” आणि दादासोनं सांगितलं होतं, “हिच्याच निरशा दुधावर माझी पोरगी राज्याला खेळली.” त्या दिवशी साक्षीच्या तापाला एकवीस दिवस झाले होते, आणि चांदणीच्या रक्तात रोग निघाला हे कळवणारा गुरांच्या डॉक्टरांचा फोन येऊन पाच.