खाणीतल्या सात मासोळ्या

फागुनात कोणी पावसाळ्याची तयारी ठेवतं का? पण ब्याऐंशी सालच्या फागुनात चार दिवस गारांसकट पाऊस कोसळला आणि मोहाडीपलीकडच्या त्या मँगनीजच्या खाणीत सगळ्यांची तारांबळ उडाली. दुसरा पंप दुरुस्तीला खोलून पडलेला, खाणीच्या तोंडाशी मातीचा बांध नाही. मोठ्या साहेबांनी पंपवाल्या इतवारीला बोलावून बजावलं, "तळाच्या खड्ड्यातलं पाणी तासातासाला पट्टीवर बघायचं. काही वेगळं दिसलं की लगेच सांगायचं. माणसं वर काढू."

इतवारी ढिवराच्या घरातला. बापजाद्यांचा धंदा तलावातल्या मासोळीचा, पण त्यात पोट भरेना म्हणून दहा वर्षांपासून खाणीत होता. पाणी त्याच्याइतकं कोणाला कळत नाही, असं सगळे म्हणत, आणि मनातून त्यालाही ते पटलेलं होतं.

सोमवारी दुपारी पाळी संपत आली. पंप नेटानं चालत होता, पट्टीवरचं पाणी चढत नव्हतं. इतवारी खूश होता. तेवढ्यात पंपाच्या जाळीपाशी काहीतरी चमकलं. वाकून पाहतो तर बोटभर मासोळी! एक नाही, चांगल्या सात. त्यानं गमछ्यानं अलगद उपसल्या.

भोजराज ओव्हरसियर हसून हसून बेजार झाला. "काय रे इतवारी, तू तलाव सोडला, पण मासोळीनं तुले सोडलं नाही! पत्ता शोधत आली ना बे!"

"मंग काय साहेब, जुनी ओळख हाय," इतवारीही हसला आणि मासोळ्या गमछ्यात बांधून घरी घेऊन गेला. झालं, एवढंच.

दिवेलागणीला त्याच्या बायकोनं, बायाबाईनं, चिंच घालून झणझणीत रस्सा केला. तिचा धाकटा भाऊ धनीराम त्यांच्याकडेच राही आणि त्याच खाणीत खालच्या बोगद्यात काम करी. तिनं चार मासोळ्या भावाच्या ताटात टाकल्या, तीन नवऱ्याच्या, आणि स्वतः नुसता रस्सा भाताशी घेतला.

"काहून वं बाई, तुले नाही?" धनीरामनं विचारलं.

"खाय गुमान. सकाळची पाळी हाय तुही."

मंगळवारी धनीराम उजाडताच कामावर गेला. इतवारीची पाळी त्या दिवसापासून बदलून दुपारची झाली होती, म्हणून तो जाळं घेऊन तलावावर निघाला. तलाव खाणीच्या वरच्या अंगाला, आणि खाणीचे जुने बोगदे पार त्याच्या खालपर्यंत गेलेले. एवढ्या पावसानं तलाव तुडुंब असणार, या आशेनं त्यानं काठच्या पायरीकडे पाहिलं. पाणी हातभर उतरलं होतं. सांडवा कोरडा, आणि चार दिवसांच्या पावसानंतर तलाव उतरला? मग पाणी गेलं कुठं?

अरे गाढवा, मासोळी काय आभाळातून पडते?

जाळं तिथंच टाकून तो पळत सुटला. टेकडीला वळसा घालून मोहाच्या झाडांखाली आला, तोच खाणीचा भोंगा वाजू लागला. वाजतच राहिला. इतवारी छाती फुटेस्तोवर धावला, पण तलाव खालच्या बोगद्यात शिरला होता. चौघे आत राहिले. धनीरामचा देह तिसऱ्या दिवशी वर काढला.

घरी बायाबाई एकच धोशा लावून बसली होती, "काहून नेलं त्याले? कोणाचं काय बिघडवलं होतं त्यानं?" इतवारी ऐकून घेई. मासोळ्यांचं त्यानं तिला सांगितलं नाही. कोणत्या तोंडानं सांगणार?

आठवड्यानं खाणीच्या कचेरीत चौकशीचे साहेब आले. भोजराजनं इतवारीला दारातच गाठलं. "पाणी एकाएकी आलं, एवढंच सांग. त्यातच आपलं भलं हाय." बाहेर पडवीत बायाबाई भावाच्या भरपाईच्या कागदांवर अंगठा द्यायला बसली होती. दार सताड उघडं होतं.

"आधी खड्ड्यात काही वेगळं दिसलं होतं?" साहेबांनी विचारलं.

इतवारीनं भोजराजकडे पाहिलं नाही. दाराकडे तर त्याला पाहवेना.

"दिसलं होतं, साहेब. मासोळ्या. सात."

"मग सांगितलं का नाही? काय केलंस त्यांचं?"

"खाल्ल्या, साहेब."

कोणीतरी खुदकन हसलं. साहेब हसले नाहीत. "कोणी खाल्ल्या?"

उत्तर पडवीतून आलं.

"तीन यायनं," बायाबाई म्हणाली, "अन् चार माह्या भावानं. मीच वाढल्या."