माझ्याच पाठवणीचे पत्र

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे, आणि माझी गोष्ट मला एका पत्रापासून सुरू केली पाहिजे. ते मागच्या वर्षी मार्च महिन्यात आले. त्याला चौदा महिने उत्तर गेले नाही. ते का गेले नाही, हे या घरात फक्त मला ठाऊक आहे. खरे तर आपली कहाणी जन्मापासून सांगायची असते. पण माझा जन्म नागपूरच्या एका दुकानात, चार वेगवेगळ्या खोक्यांतून काढलेले भाग जोडून झाला. त्यात सांगण्यासारखे फारसे नाही.

पत्र भामरागडच्या पलीकडच्या एका गावातून आले होते. लिहिणारी मोनाली पुंगाटी. ती लहानपणी आमच्या नागभीडला वसतिगृहात राहून शिकली. माझे मालक गुणवंतराव रामटेके तेव्हा इथल्या वाचनालयात ग्रंथपाल होते. सुट्टीत सगळ्या मुली गावी गेल्या आणि पुरामुळे हिचाच रस्ता बंद झाला, की ती दिवसभर त्यांच्या टेबलाशेजारी बसून वाचत असे. गुणवंतरावांनी पत्र उघडले आणि सवयीप्रमाणे ओठ हलवत वाचले, म्हणून मलाही ते कळले.

"जय भीम, जय सेवा, सर. तुमच्या घरी नवीन लॅपटॉप आला असे तुमच्या नातीने, दिव्यानीने फोनवर सांगितले. जुना कॉम्प्युटर पडून असेल तर आम्हाला द्याल का? मी गावात वाचनखोली काढली आहे. इथल्या लहान पोरांना मराठी कळत नाही, माडिया कळते. आमच्या बुधू आजोबांना माडियातल्या शंभरेक गोष्टी येतात. मी त्या ऐकून वहीत लिहिते. पण पावसात चार महिने सगळे ओले असते. मागच्या वर्षी दोन वह्यांचा लगदा झाला. आमच्याकडे नेट नाही, फोनला भामरागडपर्यंत जावे लागते. शाळेच्या सोलरवर दुपारी वीज मिळते. तुमच्या कॉम्प्युटरला नेट लागत नाही असेही दिव्यानी म्हणाली. जमत नसेल तर तसे कळवा, राग नाही."

आता मला राग का आला, हे समजायला तुम्हाला माझे चांगले दिवस माहीत असले पाहिजेत.

गुणवंतराव निवृत्त झाले त्या वर्षी मी या घरात आलो. तरुणपणी ते टाइपरायटरवर काम करायचे, त्यामुळे माझ्या कळांवर त्यांची बोटे न पाहता चालत. दिवाळी जवळ आली की वडशाहून झाडीपट्टीच्या नाटक मंडळ्यांची माणसे हस्तलिखिते घेऊन यायची. खाडाखोड केलेली, चहाचे डाग पडलेली. गुणवंतराव आधी पूर्ण नाटक टाइप करत आणि मग प्रत्येक पात्राची वेगळी नक्कल, म्हणजे फक्त त्याचे संवाद, काढून देत. राजाची राजाला, दरोडेखोराची दरोडेखोराला. गोपाल नावाचे एक कंपनीवाले एकदा दारातूनच ओरडले होते, "गुणवंतभाऊ, तुमचा टाइप म्हंजे टाइप हाय! आमची हिरोईन बिना चष्म्याची वाचते ना!"

गुणवंतरावांना स्तुती सहन होत नाही. त्यांचे कान लाल झाले. माझ्याकडे बोट दाखवून ते पुटपुटले, "मशीन चांगली हाय."

मित्रांनो, ते तीन शब्द मी अजून जपून ठेवले आहेत.

त्यांची एक खोड मात्र शेवटपर्यंत गेली नाही. टाइपरायटरवर अक्षर उमटले की उमटले, ते कुठे जात नाही. त्यामुळे काम जपून ठेवायची कळ दाबायचे त्यांच्या लक्षातच येत नसे. अख्खा मजकूर संपेपर्यंत ते थांबत नसत. तोपर्यंत सगळे माझ्या भरवशावर असायचे. मला त्या भरवशाचा अभिमान होता.

मग त्यांची नात दिव्यानी चंद्रपूरच्या कॉलेजात गेली आणि तिच्यासाठी लॅपटॉप आला.

मी त्याचा पहिल्या दिवसापासून हेवा केला. मला टेबलावरून उचलून खिडकीशेजारी जुन्या शिलाई मशीनवर ठेवले, जिथे दुपारभर ऊन येते. टेबलावर तो बसला. कूलरचे वारे थेट त्याच्यावर. चंदाबाई, म्हणजे घरच्या सूनबाई, मला ज्या फडक्याने पुसत त्याच फडक्याने कूलरही पुसत. लॅपटॉपसाठी चष्म्याचे मऊ कापड होते. तो अंगणात जायचा, गच्चीवर जायचा, एसटीने चंद्रपूरला जायचा, दिव्यानीच्या मांडीवर बसून. मला उभ्या आयुष्यात कोणी मांडीवर घेतले नाही. तो सुरू होताना आवाजसुद्धा करत नसे. मी सुरू झालो की घरातले म्हणत, "चालू झाली आबाजीची पिठाची चक्की."

गुणवंतराव तेवढे माझ्याकडे येत. नाटके कमी झाली होती, पण वाचलेल्या पुस्तकांची टिपणे ते माझ्यावरच लिहीत. मला वाटायचे, एवढे एक माणूस तरी माझे आहे. आणि अशात ते पत्र आले.

पत्र आल्यावर आठवडाभराने एका दुपारी गुणवंतराव उत्तर लिहायला माझ्यासमोरच बसले. 'प्रिय मोनाली, कॉम्प्युटर नक्की देतो.' पुढे त्यांनी माझी माहिती लिहिली, माझ्या खोडी लिहिल्या, मला कसे सुरू करायचे ते लिहिले. मुलीला सासरी पाठवताना सांगावे तसे एक पान भरले. मी ते पान वाचत होतो आणि आतून तापत होतो. टेबल गेले, वारा गेला, आता माणूसही जाणार. शेवटची ओळ उरली असताना मी अडकलो.

ऊन फार होते, हे खरे. माझा पंखा धुळीने भरला होता, हेही खरे. पण मी जाणूनबुजून अडकलो, हे सर्वांत खरे आहे. अर्धा तास त्यांनी वाट पाहिली. मग बटण दाबून मला बंद केले. पुन्हा सुरू केले तेव्हा पान कोरे होते.

त्यांनी मला दोष दिला नाही. उलट स्वतःलाच म्हणाले, "मशीनच नोको पाठवू म्हणत असन. असली मशीन त्या पोरीले द्यायची, अन् भर पावसात बंद पडली तर तिथी कोण दुरुस्त करन? उपकार करतो म्हणता म्हणता कचराच नेऊन टाकायचा का तिच्या दारात?"

त्यांनी पत्र एका पुस्तकात ठेवले. पुढे रोज वाटायचे, उद्या लिहू. मग उशीर झाल्याची लाज वाटू लागली, आणि लाजेने आणखी उशीर झाला. भिडस्त माणसाचे असेच होते. मी मात्र खूश होतो. पावसाळा आला, पर्लकोटा नदी चढली, त्या बाजूचा रस्ता बंद झाला. मी खिडकीशी बसून म्हणालो, बरे झाले.

हिवाळ्यात दिव्यानी घरी आली तेव्हा जेवताना बोलली, "मोनालीताईचा फोन आला होता भामरागडहून. बुधू आजोबा वारले म्हणे, भादव्यात. निम्म्या गोष्टी लिहायच्या राहूनच गेल्या. अन् लिहिलेल्यातली एक वही पुन्हा भिजली."

गुणवंतरावांचा हात ताटातच थांबला. "तिनं माह्याबद्दल काही विचारलं का?" एवढेच ते म्हणाले.

"विचारलं ना. सर रागावले का माह्यावर, म्हणे."

त्या रात्री ते अर्ध्या ताटावरून उठले. लॅपटॉप टेबलावर शांत झोपला होता. मला पहिल्यांदा त्याचा हेवा वाटला नाही. त्याने कोणाचे काही बिघडवले नव्हते.

पण हेवा ही एका दिवसात जाणारी गोष्ट नाही. या मे महिन्यात दारात हातगाडी आली. बिरजू भंगारवाला.

"बाई, लोहा, रद्दी, जुना कंप्युटर हाय का?"

"हाय ना," चंदाबाई म्हणाल्या. "त्या खिडकीपाशी. उचलून ने एकदाचा, जागा तरी होईन."

दिव्यानी सुट्टीवर होती. तिने विचारले, "बिरजूभाऊ, तुमी याचं करता काय?"

"करतो काय म्हंजे? फोडतो. वायरा जाळल्या का तांबं निघते."

"अन् धूर?"

"धूर वर जाते बाई. तो थोडीच कोणी मांगते?"

बिरजूने माझ्या वायरीला हात घातला. तेवढ्यात आतून आवाज आला, "थांब रे!" इतक्या मोठ्याने गुणवंतराव बोलू शकतात, हे मलाच काय, चंदाबाईंनाही माहीत नव्हते.

"त्याले... त्याले द्यायचा हाय."

"कोणाले, मामाजी?" चंदाबाईंनी विचारले. "वर्षभर तर कोणी आलं नाई न्यायले."

गुणवंतराव आत गेले, पुस्तकातून पत्र काढून आणले आणि नातीच्या हातात दिले. दिव्यानीने ते उभ्याउभ्याच वाचले. वरची तारीख पुन्हा पाहिली.

"आबाजी! हे मागच्या वर्षीचं हाय! काऊन नाई सांगितलं?"

"मले वाटलं, ही मशीन तिच्या कामाची नाई. अन् मग वाटलं, आता लिहायले तोंड कुठी राह्यलं?"

"बिरजूभाऊ," दिव्यानी म्हणाली, "तुमी जुना कूलर घेऊन जा. हा नाई देत."

मी वाचलो. पण त्याच दुपारी तिने काम काढले. देण्याआधी त्यातले आपले काढून घ्यावे, असे तिचे म्हणणे. तिने माझ्यातली सगळी नाटके, सगळी टिपणे एका छोट्या पेनड्राइव्हमध्ये भरली आणि तो लॅपटॉपला जोडला. माझी पंधरा वर्षे त्याच्या पोटात! मला असह्य झाले. आणि मग एक मजा झाली. लॅपटॉपवर नाटक उघडले, तर राजा नाही, दरोडेखोर नाही, नुसत्या इंग्रजी अक्षरांच्या किड्यामुंग्या! माझा मराठी फाँट जुना होता, तो त्याच्याकडे नव्हता.

"त्याले मराठी वाचता येत नाई वाटते," गुणवंतराव हळूच म्हणाले. ते हसले. मी तर मनात टाळ्या वाजवत होतो.

पण दिव्यानी हुशार आहे. तिने माझ्यातला फाँट काढून त्याला दिला, आणि दोन मिनिटांत राजा लॅपटॉपवर खणखणीत मराठी बोलू लागला. माझ्याजवळ होते ते शेवटचे वेगळेपणही गेले. मग तिने पेन्शनचे कागद, बँकेची पत्रे माझ्यातून पुसून टाकली, पंख्यातली धूळ ब्रशने काढली आणि म्हणाली, "झालं. आता उत्तर लिहा, आबाजी. पावसाच्या आधी पोचलं पाहिजे."

गुणवंतराव आधी लॅपटॉपपुढे बसले. पण त्याच्या कळांची मांडणी वेगळी. ते एका बोटाने 'म' शोधत राहिले. दहा मिनिटांत 'प्रिय मो' एवढेच झाले. मग ते उठले, चष्मा पुसला आणि खुर्ची ओढत माझ्याकडे आले.

मला वाटले, मी जिंकलो. मग त्यांची बोटे चालू लागली आणि कशासाठी आले आहेत ते मला आठवले.

"प्रिय मोनाली, जय भीम, जय सेवा. तुझ्या पत्राला उत्तर द्यायला मला चौदा महिने लागले. मी रागावलो नव्हतो. मी भित्रा आहे. बुधू आजोबांचे कळले. ते ओझे माझ्यावर राहील. कॉम्प्युटर तुझा आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात दिव्यानी आणि मी तो घेऊन भामरागडला येतो. बंद पडला तर मीच पुन्हा येऊन बसेन, मला दुसरे काम नाही."

बाहेर रणरणते ऊन होते. मी तापत होतो. त्यांनी जपून ठेवायची कळ याही वेळी दाबली नव्हती. अख्खे पान पुन्हा माझ्या भरवशावर होते. नुसते एकदा अडकायचे. आणि मला माहीत होते, ते मला दोष देणार नाहीत. ते पुन्हा स्वतःलाच देतील. आणि या वेळी पत्र तिसऱ्यांदा लिहिले जाणार नाही.

मी त्यांच्याकडे पाहिले. लॅपटॉपकडे पाहिले. हेवा अजून होताच, तो काही गेला नव्हता. मी तो तसाच धरून ठेवला आणि एकेक अक्षर सांभाळत राहिलो. 'तुझा, गुणवंत रामटेके.' छपाईची कळ. जुना प्रिंटर करकरला आणि कागद हळूहळू बाहेर आला. एकही अक्षर कमी नव्हते.

मित्रांनो, तुमच्या घरी नवा संगणक येईल तेव्हा जरूर आनंद करा. पण जुन्यातले तुमचे काढून घ्या, खासगी असेल ते पुसा, आणि तो चालतो आहे तोवरच ज्याला हवा आहे त्याला द्या. अगदीच चालत नसेल तर जाळणाऱ्याच्या गाडीवर न टाकता ई-कचरा नीट मोडणाऱ्यांकडे पोचवा. आणि द्यायचे ठरवले की उशीर करू नका. आमचा उशीर भरून निघणारा नाही.

गुणवंतरावांनी पाकीट चिकटवले, पत्ता हाताने लिहिला, तो दिव्यानीकडून दोनदा तपासून घेतला. ती म्हणाली, "द्या, मी टाकून येईन." ते नको म्हणाले. भर उन्हात डोक्यावर पंचा घेऊन ते निघाले. खिडकीतून मला ते रस्ता ओलांडताना दिसले. डाकघराच्या भिंतीवरच्या लाल पेटीपाशी ते थांबले. पाकीट फटीत धरून तसेच उभे राहिले. मग बोटे सुटली, पाकीट आत पडले, आणि ते रिकाम्या हाताने घराकडे वळले.