सात नंबरच्या खाटेजवळची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. सुताराने मला शाळेच्या कार्यालयासाठी घडवले. मुख्याध्यापक माझ्यावर ऐटीत बसत. पुढे माझा एक पाय डुगडुगू लागला आणि माझी रवानगी अडगळीत झाली. कुणीतरी पाय ठोकून मला या शुश्रूषागृहात आणले. बरे न होणारे रुग्ण इथे शेवटचे दिवस काढतात.

एकदा सात नंबरच्या खाटेवर एक निवृत्त बसचालक आले. त्यांची मुलगी कारखान्यात माल तपासायची, म्हणून ते तिला 'साहेब' म्हणत. आल्याआल्या तिने चादर उलटून पाहिली, खिडकीवरून बोट फिरवले, घंटी वाजवल्यावर किती मिनिटांत कोण येते तेही वहीत टिपले. तिची आई दवाखान्यात तडफडत गेली होती आणि तेव्हा हिला कुणी काही सांगितलेच नव्हते. ती धास्ती मनात घर करून होती. माझ्यावर ती नुसती टेकायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर माझ्यावर बसल्या. "काका, जास्त त्रास कशाचा होतोय?"

"कंबरेचा. आणि या साहेबांचा! कालपासून तिच्या पोटात अन्नाचा कण नाही. पुढे काय होणार ते सांगून टाका तिला. माझ्यासमोरच सांगा."

सिस्टरांनी कंबरेसाठी औषध दिले, उशी सारखी केली. मग मुलीला म्हणाल्या, "ताई, श्वास मंदावेल. मधेच थांबल्यासारखा वाटेल. दुखू लागलं तर औषध आहे. घाबरलात तर नुसती हाक मारा."

मुलगी पोटभर रडली, मग पोटभर जेवली. दुपारी माझ्या पाठीला पाठ लावून गाढ झोपली.

"घोरतेय बघा," वडील सिस्टरांना कौतुकाने म्हणाले.

चौथ्या दिवशी दुपारी श्वास थांबत थांबत येऊ लागला. तिने हाक मारली, सिस्टर आल्या. वडिलांचा हात धरून ती त्यांच्या बसचे थांबे एकेक करून सांगत राहिली. ते शांतपणे गेले.

मग तिने भावाला फोन लावला. "दादा, बाबा गेले. नाही रे, तडफडले नाहीत. सगळं आधी सांगितलं होतं, म्हणून मला शेवटपर्यंत जवळ बसता आलं." तिने सोडलेल्या निःश्वासाने मलाही हलके वाटले.

मित्रांनो, चकचकीत फरशी कुणाच्या लक्षात राहत नाही. आपल्या माणसाचे दुखणे कुणी विचारले, खरे कुणी सांगितले, हे मात्र घरचे विसरत नाहीत. तुम्हीही आजाऱ्याला दारातूनच "बरं आहे ना?" विचारून निघू नका. जवळ बसा. त्याला काय सांगायचे आहे ते ऐका. खुर्ची माझ्यासारखी जुनी असली तरी चालेल.