पंगतीला बसलेले दोन चिपवाले

दिग्रसच्या एकाच शाळेतून दोन मोठी माणसं निघाली, यात शाळेचा दोष नाही. अतुल दुधे ‘वज्र’ नावाची संगणकाची चिप काढणाऱ्या कंपनीचा मालक आणि रजत गावंडे ‘तडित’ काढणाऱ्या कंपनीचा. बंगळुरात दोघांची ऑफिसं समोरासमोर. तडितवर पोळ्या शेकता येतात, असं अतुल भर सभेत म्हणाला होता. वज्र इतकी थंड आहे की तिला जागं करायला आमची चिप लागते, असं रजतनं दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आणलं. दोन्ही चिपा तैवानच्या एकाच कारखान्यात तयार होतात, याबद्दल मात्र दोघंही अत्यंत एकदिलानं गप्प असत.

मुख्याध्यापिका विजयमालाबाईंनी दोघांनाही गणित शिकवलेलं. निवृत्तीआधी शाळेत कॉम्प्युटर यावेत, एवढीच त्यांची इच्छा. खोली तयार होती. तूर्तास तीत कोंबड्या बसत. ते द्यायचं दोघांनीही फोनवर कबूल केलं होतं, पण किती ते शाळेनं ठेवलेल्या आपल्या सत्काराच्या मंचावरच सांगू, असं दोघंही म्हणाले होते.

मंचावरच घोडं अडलं. जो आधी आकडा सांगेल त्याच्याहून दुसरा मोठा सांगणार, हे दोघांनाही ठाऊक. म्हणून अतुलनं भाषणात शाळेमागच्या चिंचेची आठवण काढली. रजतनंही चिंचेचीच काढली, फक्त त्यानं चिंचा जास्त पाडल्या होत्या. शाल झाली, नारळ झाला, राष्ट्रगीत झालं. आकडा नाही.

"बाई, गेलं हातचं," शिपाई उकंडा कुजबुजला. "आता जेवले का पळतात विमानाले."

"जेवतात न? मंग गेलं नाही," बाई म्हणाल्या. "जिलबीचं ताट मले दे."

व्हरांड्यात पंगत बसली होती, दोन्ही साहेब मांडीला मांडी लावून. बाई अतुलसमोर वाकल्या.

"घे बाबू."

"नको बाई, शुगर आहे."

"जिलबी कोण देऊन राह्यलं तुले? दहा कॉम्प्युटर वाढू?"

पंगतीचे घास हवेत थांबले. आग्रह नको असेल तर पानावर आडवा हात धरायचा. पण शेजाऱ्यानं धरायच्या आधी आपण धरला, की ती गोष्ट गावात नातवंडांपर्यंत सांगितली जाते. आणि पानावर घेतलेलं टाकता येत नाही. अतुलनं हात मांडीखाली घातला.

"वाढा."

"रजत, त्यानं दहा घेतले. तुले झेपतीन काय?"

"मले? पंधरा वाढा बाई!"

"अतुल, तुह्यं पोट भरलं असन तर राहू दे."

"कायले राहू दे? पंचवीस!"

"दुधे, गळ्याशी येईन!" पंगतीतून कोणी ओरडलं. "गावंडेले पाह्य, अजून पट्टा ढिला नाही केला!"

रजतमागे उभी असलेली त्याची हिशेबाची अधिकारी खोकली.

"प्रियंका, पाणी पी," रजत मागे न बघता म्हणाला. "बाई, चाळीस."

"साठ!" अतुल.

बाईंनी कंबर सरळ केली. "बस रे आता. शाळेतले पोरं सरले."

अतुलनं समाधानानं मिशीवरून हात फिरवला. रजतचा चेहरा उतरला.

"असं कसं बाई? शेवटचा घास त्याचा? माही पाळी आहे. बाजूच्या दारव्ह्याले शाळा नाही काय?"

"आहे न," बाई म्हणाल्या, आणि पदर खोचून पुन्हा वाकल्या.